नियमाचे क्रियापद : विमान-इंजिनांच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाविषयीच्या सुरक्षा-लेखनाची चिकित्सा

(१)

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७-८ जातीचे विमान धावपट्टी सोडल्यानंतर सुमारे अर्ध्या मिनिटात कोसळले. विमानातील २४२ जणांपैकी २४१ आणि जमिनीवरील १९, अशी एकूण २६० माणसे प्राणास मुकली. कर्मचाऱ्यांपैकी काही जण मुंबई व तिच्या परिसरातील होते. एक हवाई सेविका ठाकुर्लीलगतच्या डोंबिवलीची होती. त्यानंतर एका महिन्याने, १२ जुलै २०२५ रोजी, विमान अपघात अन्वेषण ब्यूरोने आपला प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. अवघ्या पंधरा पानांच्या ह्या अहवालातील दोन-तीन वाक्यांवर पुढे जेवढा वाद झाला, तेवढा एखाद्या वाङ्मयीन कृतीवरही क्वचितच होत असेल.

प्रस्तुत लेखात ह्या अहवालाचा, आणि ज्या नियमसाहित्याच्या पार्श्वभूमीवर तो लिहिला गेला त्या साहित्याचा, भाषेच्या अंगाने विचार करावयाचा आहे. अपघाताचे कारण ठरविणे हे ह्या लेखाचे प्रयोजन नव्हे. ते काम अन्वेषकांचे आणि त्यांच्याच साधनांनी करावयाचे आहे. परंतु तांत्रिक लेखन हे भाषाभ्यासकाच्या कक्षेबाहेरचे, असा जो समज आपल्याकडे रूढ झाला आहे, तो मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. कवितेतील एका प्रत्ययावर आपण पाने खर्ची घालतो. ज्या वाक्यातील प्रत्ययावर यंत्राची तपासणी होणे वा न होणे अवलंबून असते, ते वाक्य आपण अभियंत्यांचे म्हणून सोडून देतो. नियमाचे क्रियापद हादेखील यंत्राच्या सुरक्षेचाच एक भाग आहे आणि त्याची परीक्षा इतर भागांइतक्याच काटेकोरपणे झाली पाहिजे, हे ह्या लेखाचे प्रतिपाद्य होय.

(२)

प्रथम यंत्राविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. जुन्या जेट इंजिनात वैमानिक जी तरफ पुढे ढकलीत असे, ती तारा आणि दांडे यांच्या साहाय्याने इंजिनावरील इंधन-नियंत्रकाशी प्रत्यक्ष जोडलेली असे. त्या नियंत्रकातील झडपा व कॅम इंधनाचे प्रमाण ठरवीत. १९८४ साली बोइंग ७५७ विमानावर प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे पीडब्ल्यू२०३७ हे इंजिन सेवेत आले, तेव्हापासून प्रवासी वाहतुकीत वेगळी व्यवस्था रूढ होऊ लागली. वैमानिकाची तरफ आता केवळ मागणी नोंदविते. ती मागणी, हवेचे तापमान, दाब, इंजिनातील चक्रांची गती इत्यादी गोष्टी ध्यानात घेऊन इंधन किती सोडावे हे संगणक ठरवितो. ह्या संगणकाच्या दोन स्वतंत्र वाहिन्या असतात. एक बिघडली तर दुसरी काम सांभाळते. त्याला लागणारी वीजही इंजिनावरच्याच एका लहान जनित्रातून मिळते, म्हणजे विमानाची वीज गेली तरी इंजिनाचे नियंत्रण जात नाही. ह्या व्यवस्थेचे व्यवहारातले नाव 'फॅडेक'. त्या लघुनामाचा विस्तार मराठीत 'इंजिनाचे पूर्णाधिकारी अंकीय नियंत्रण' असा करता येईल.

ह्या नावातील 'पूर्णाधिकार' हा शब्द विचार करण्याजोगा आहे. अभियंत्यांच्या परिभाषेत त्याचा अर्थ मर्यादित आहे : इंजिन सुरू करण्यापासून कमाल शक्तीपर्यंत इंधनाचे संपूर्ण नियमन संगणकाकडे असून त्याच्या पाठीमागे यांत्रिक पर्याय ठेवलेला नाही, एवढाच. सामान्य वाचक मात्र 'अधिकार' ह्या शब्दाबरोबर येणारी जबाबदारीही गृहीत धरतो. आपल्या भाषेत अधिकार ज्याच्याकडे, जाब त्याच्याकडे. यंत्राच्या बाबतीत हे घडत नाही. अधिकार संगणकाकडे जातो, जाब माणसाकडे राहतो.

भारताला ह्याचा अनुभव लवकर आला. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगलोरला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडे पडले आणि १४६ पैकी ९२ जण मृत्यू पावले. उतरताना इंजिने अगदी मंद गतीवर ठेवणारा एक स्वयंचलित अवरोहण-प्रकार चालू राहिला होता आणि तो वेळीच ओळखला गेला नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले. दोष वैमानिकांकडे गेला. तो योग्य होता की अयोग्य, हा येथे प्रश्न नाही. यंत्र स्वतः निर्णय घेऊ लागल्यावर कर्ता कोण हा व्याकरणातला प्रश्न न्यायाचा प्रश्न होतो, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

'पूर्णाधिकारा'ला एक अपवाद आहे, आणि अहमदाबादच्या अपघातात तोच अपवाद केंद्रस्थानी आला. वैमानिकांच्या दोन आसनांच्या मध्ये, शक्तीच्या तरफांच्या खालच्या बाजूला, प्रत्येक इंजिनासाठी एक इंधन-स्विच असते. त्याच्या दोन स्थिती : 'रन' आणि 'कटऑफ'. 'कटऑफ'मध्ये नेले की त्या इंजिनाचा इंधनपुरवठा बंद होतो. संगणक कितीही सुस्थितीत असला तरी त्याच्या हाती काही उरत नाही. चुकून धक्का लागून असे होऊ नये म्हणून स्विचला अडसर असतो. ते आधी वर उचलावे लागते आणि मगच सरकते.

(३)

इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाविषयीचे अमेरिकन व युरोपीय नियम वाचताना भाषेच्या अभ्यासकाला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. तेथे साध्या विशेषणांना अंकांचे मोल दिलेले आहे. इंजिनामुळे विमानास धोका पोहोचेल असा परिणाम 'अत्यंत विरळ' असला पाहिजे, असे नियम सांगतो. आणि 'अत्यंत विरळ' म्हणजे इंजिन चालल्याच्या एक कोटी तासांत एकदा ते शंभर कोटी तासांत एकदा, ह्या टप्प्यातले. त्याहून सौम्य परंतु गंभीर परिणाम केवळ 'विरळ' असला तरी चालतो. 'विरळ' म्हणजे एक लाख तासांत एकदा ते एक कोटी तासांत एकदा. संपूर्ण विमानाचा विनाश घडविणारा बिघाड 'अत्यंत असंभाव्य' असावा लागतो, आणि त्याचे मान शंभर कोटी तासांत एकदा अशा कोटीचे. नियंत्रण-व्यवस्थेतील बिघाडामुळे इंजिनाच्या शक्तीवरचा ताबा जाण्याच्या घटना दहा लाख तासांत दहापेक्षा कमी असाव्यात, असाही एक मानदंड मार्गदर्शनपर साहित्यात आहे.

व्यवहारात 'क्वचित्', 'विरळा', 'सहसा नाही' हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. येथे त्यांच्यामधले अंतर शंभरपटीचे आहे. शब्दाला असे निश्चित माप देणे हे नियमभाषेचे मोठेच यश मानावयास हवे. एवढेच नव्हे, तर जेथे माप देता येत नाही तेथे नियम तसे मान्यही करतो. संगणकाला दिलेल्या आज्ञावलीला धातूप्रमाणे शीण येत नाही. तीत दोष असेल तर तो पहिल्या दिवसापासून असतो, आणि विशिष्ट परिस्थिती आली की दर वेळी प्रकट होतो. म्हणून आज्ञावलीच्या बाबतीत 'इतक्या तासांत एकदा' ही भाषा नियम सोडून देतो, आणि ती कोणत्या पद्धतीने लिहिली, कोणी तपासली, प्रत्येक ओळ कोणत्या गरजेपोटी आली याचा पुरावा मागतो. बिघाडाचा परिणाम जितका भयंकर, तितका हा पुरावा कडक; त्यासाठी 'ए'पासून 'ई'पर्यंत पाच पायऱ्या ठरविल्या आहेत.

अर्थात् विशेषणांच्या आणि नामांच्या बाबतीत हे साहित्य आदर्श म्हणावे असे आहे. उणीव आहे ती क्रियापदांत.

(४)

१७ डिसेंबर २०१८ रोजी अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने एक विशेष माहितीपत्रक काढले. बोइंग ७३७ विमानांच्या काही चालकांना इंधन-स्विचांचा अडसर सुटलेल्या स्थितीत बसविलेला आढळला होता. तशाच रचनेची स्विचे बोइंगच्या इतरही विमानांत असून ७८७ त्यांपैकी एक होते. माहितीपत्रकात अडसराची तपासणी करण्याची शिफारस होती. मात्र ही बाब सक्तीचा आदेश काढण्याइतकी असुरक्षित स्थिती नव्हे, असेही त्यातच म्हटले होते.

विमान-सुरक्षेच्या व्यवहारात ह्या दोन प्रकारच्या लेखांत मूलभूत फरक आहे. उड्डाणयोग्यतेचा आदेश निघाला की तो पाळल्याखेरीज विमान उडविता येत नाही. माहितीपत्रक हे केवळ माहिती देते, सुचविते. ते पाळण्याचे बंधन नाही. प्राथमिक अहवालात ह्या माहितीपत्रकाचा उल्लेख आहे. एअर इंडियाने दिलेल्या माहितीनुसार, पत्रक सल्लावजा होते, सक्तीचे नव्हते, म्हणून सुचविलेली तपासणी करण्यात आली नाही, अशा आशयाचे एक वाक्य तेथे येते. अपघातग्रस्त विमानातील ज्या भागात ही स्विचे बसतात तो संपूर्ण भाग २०१९ व २०२३ साली बदलला होता, परंतु बदलण्याचे कारण स्विचांशी संबंधित नव्हते, असेही अहवाल नोंदवितो.

ह्या वाक्यातील 'म्हणून' हा शब्द आमच्या मते साऱ्या अहवालातील सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे. तपासणी कठीण होती म्हणून राहिली, असे तेथे म्हटलेले नाही. खर्चाची होती म्हणून, असेही नाही. ती राहिली ती एका व्याकरणिक कारणासाठी : वाक्य आज्ञार्थी नव्हते.

ह्यानंतरचा घटनाक्रम अधिकच बोलका आहे. ७८७-८ विमानांचे व त्यांतील इंजिनांचे चालक आणि निर्माते यांच्यासाठी ह्या टप्प्यावर कोणतीही कृती सुचविलेली नाही, असे १२ जुलैचा अहवाल सांगतो. त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ जुलै २०२५ रोजी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने बोइंग ७८७ व ७३७ विमानांतील ह्याच अडसरांची तपासणी २१ जुलैपर्यंत पूर्ण करण्याचा आदेश दिला. एअर इंडियाने २२ जुलै रोजी तपासणी पूर्ण झाल्याचे व कोणताही दोष न आढळल्याचे जाहीर केले. तपासणी तीच, अडसर तेच, अभियंतेही बहुधा तेच. सहा वर्षे आणि जवळजवळ सात महिने जे झाले नाही, ते आठवडाभरात झाले. बदलले ते केवळ क्रियापद.

तपासणीत दोष आढळला नाही, म्हणजे ती निरर्थक होती, असा निष्कर्ष कोणी काढील. तो बरोबर नाही. अडसर शाबूत आहे हे २०१८ नंतर लगेच पाहून ठेवले असते, तर जून २०२५ मध्ये निदान एक शंका कमी झाली असती. सुरक्षेच्या व्यवहारात 'दोष नाही' हेदेखील ज्ञान असते, आणि ते वेळेवर मिळवावे लागते.

आज्ञार्थी वाक्याचे सामर्थ्य किती असते, याचे दुसरे उदाहरण इंजिनांच्याच क्षेत्रातील आहे. ते इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे नसून इंजिनाच्या आतील एका सीलचे आहे. ९ फेब्रुवारी २०१८ रोजी युरोपीय विमान-सुरक्षा संस्थेने ए-३२० निओ विमानांवरील प्रॅट अँड व्हिटनीच्या काही इंजिनांविषयी तातडीचा आदेश काढला. दोन्ही इंजिने सदोष गटातील असतील तर विमान उडवू नये, असे त्यात होते. एकच इंजिन त्या गटातील असेल तर उड्डाणावर मर्यादा होती, बंदी नव्हती. त्यानंतर अहमदाबादहून निघालेले एक विमान इंजिन बिघडल्यामुळे परतले, आणि १२ मार्च २०१८ रोजी आपल्या महासंचालनालयाने एक जरी इंजिन त्या गटातील असले तरी विमान उभे करावयास लाविले. इंडिगोची आठ आणि मुंबईच्या गोएअरची तीन, अशी अकरा विमाने त्याच दिवशी जमिनीवर आली. कंपन्यांचे नुकसान झाले, प्रवाशांचे हाल झाले. परंतु आदेशाचा अर्थ काय, असा प्रश्न कोणालाही पडला नाही.

(५)

आता हाच प्रश्न मराठीच्या बाजूने पाहू. ठाकुर्लीसारख्या स्थानकावर लोहमार्ग ओलांडू नये ही गोष्ट तीन प्रकारांनी सांगता येते : 'लोहमार्ग ओलांडू नये', 'लोहमार्ग ओलांडू नका', 'लोहमार्ग ओलांडणे हा गुन्हा आहे'. पहिल्या वाक्यात नीती आहे, दुसऱ्यात मनाई, तिसऱ्यात कायदा. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या १४७ व्या कलमाप्रमाणे ह्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण पहिले वाक्य वाचणाऱ्यास हे कळण्याचा कोणताही मार्ग नाही. तीन वाक्यांत बदलत जाते ती वाक्यामागची सत्ता.

मराठीची खरी अडचण विध्यर्थाची आहे. 'करावे' ह्या रूपात कर्तव्य, इच्छा, योग्यता, शक्यता असे अनेक अर्थ सामावतात, हे आपल्या व्याकरणांत पूर्वीपासून सांगितले आहे. घरगुती पाककृतीत 'चवीपुरते मीठ घालावे' हा सल्ला असतो. शासकीय परिपत्रकात 'सर्व कार्यालयांनी तत्काळ कार्यवाही करावी' हा हुकूम असतो. वडीलधारे माणूस 'जरा बसावे' म्हणते ती विनंती असते. प्रत्यय एकच, अर्थ ठरतो तो बोलणाऱ्याच्या पदावरून आणि प्रसंगावरून. माणसामाणसांतील व्यवहारात हे चालते, किंबहुना त्यातच भाषेचे मार्दव आहे. यंत्राच्या नियमात मात्र बोलणारा समोर नसतो आणि प्रसंग सांगता येत नाही. तेथे असे रूप घातक ठरण्याचा संभव आहे.

अमेरिकन माहितीपत्रक मराठीत आणावयाचे झाले, तर बहुतेक भाषांतरकार 'अडसराची तपासणी करावी' असे लिहितील. सक्तीचा आदेश मराठीत आणावयाचा झाला, तरीही ते 'अडसराची तपासणी करावी' असेच लिहितील. मुळात जे दोन लेख एकमेकांपासून काटेकोरपणे वेगळे ठेवले आहेत, ते मराठीत एकरूप होतील. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्टांत बंधनकारक 'मानक' आणि इष्ट 'शिफारस' यांसाठी दोन भिन्न सहायक क्रियापदे ठरवून दिलेली आहेत. ती क्रियापदे पाहताच वाचकास लेखाचा दर्जा कळतो. आपल्या कायद्याच्या मराठीत बंधन दाखविण्यासाठी भविष्यकाळी रूप वापरण्याची एक चाल आहे ('मंडळ नोंदवही ठेवील'), आणि मुभा दाखविण्यासाठी 'ठेवता येईल' असे रूप येते. न्यायालयात ह्या चालीचा अर्थ समजतो. कारखान्यातील तंत्रज्ञास 'तंत्रज्ञ तपासणी करील' हे वाक्य आज्ञा न वाटता भाकीत वाटण्याचाच संभव अधिक.

'रिक्वायरमेंट' ह्या शब्दाचीही तीच गत. त्यास कोणी 'आवश्यकता' म्हणतो, कोणी 'गरज', कोणी 'अपेक्षा'. आवश्यकता पूर्ण झालीच पाहिजे. अपेक्षा मात्र भंगही पावते, आणि अपेक्षाभंग हा आपल्याकडे दुःखाचा विषय असतो, शिक्षेचा नव्हे. परिभाषा-समित्यांनी नामांचे कोश पुष्कळ तयार केले. क्रियारूपांचा कोश मात्र कोणी केला नाही.

(६)

येथवर नियमाच्या क्रियापदाचा विचार झाला. अहवालाच्या क्रियापदाचा विचार आता कर्तव्य आहे, कारण त्यात मृतांच्या लौकिकाचा प्रश्न गुंतलेला आहे.

अहवालाने दिलेला क्रम असा : दुपारी १ वाजून ३८ मिनिटे ४२ सेकंदांच्या सुमारास विमानाने १८० नॉट्स हा आपला कमाल वेग गाठला; लगेच दोन्ही इंजिनांची इंधन-स्विचे एका सेकंदाच्या अंतराने 'रन'मधून 'कटऑफ'मध्ये गेली. ५२ व्या सेकंदास पहिले आणि ५६ व्या सेकंदास दुसरे स्विच पुन्हा 'रन'मध्ये आले. त्यासरशी दोन्ही इंजिनांच्या संगणकांनी आपण होऊन इंजिने पेटविण्याचा क्रम सुरू केला. पहिले इंजिन सावरू लागले, दुसऱ्याची मंदावणारी गती मात्र थांबली नाही. आणि १ वाजून ३९ मिनिटे ११ सेकंदांस नोंद संपली.

येथे स्विचे 'गेली' असे अकर्मक क्रियापद आम्ही मुद्दामच योजले आहे, कारण अहवालातील इंग्रजी क्रियापदही त्याच जातीचे आहे. मराठीत अकर्मक-सकर्मक धातूंच्या जोड्या विपुल आहेत : फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, पडणे-पाडणे. 'काच फुटली' म्हणणारा फक्त घटना सांगतो, 'काच फोडली' म्हणताच आपण कोणी ते विचारतो. घरातल्या लहान मुलालाही हा भेद पक्का ठाऊक असतो. अहवालाने येथे अकर्मक रूप वापरले याबद्दल त्याच्यावर टीका झाली. आमच्या मते ती अन्याय्य आहे. नोंदयंत्र स्विचाची स्थिती टिपते, हात टिपत नाही. जेवढे टिपले तेवढेच सांगणारे क्रियापद हे प्रामाणिक क्रियापद होय.

परंतु हा संयम पुढच्याच वाक्यांत सुटला आहे. ध्वनिमुद्रणात एक वैमानिक दुसऱ्यास, त्याने इंधन का बंद केले, असे विचारताना ऐकू येतो आणि दुसरा आपण तसे केले नसल्याचे सांगतो, एवढा मजकूर अहवाल अप्रत्यक्ष कथनात देतो. विचारणारा कोण, उत्तर देणारा कोण, मूळ शब्द कोणते, भाषा कोणती, नेमका क्षण कोणता, ह्यांपैकी काहीही दिलेले नाही. अकर्मक वाक्याने जो कर्ता कटाक्षाने बाहेर ठेवला होता, तो ह्या दोन वाक्यांनी आत आणला. आणि आणला तोही बुरखा घालून.

'का' ह्या प्रश्नाचे स्वरूप येथे ध्यानात घ्यावयास हवे. 'इंधन बंद झाले आहे काय?' हा प्रश्न काहीच गृहीत धरीत नाही. 'तू का बंद केलेस?' हा प्रश्न मात्र 'तू बंद केलेस' हे गृहीत धरूनच विचारला जातो. गृहीतक म्हणजे पुरावा नव्हे. विचारणाऱ्याने काय पाहिले, की केवळ इंजिनांचा आवाज ओसरल्यावरून अनुमान केले, हे प्रश्नाच्या रूपावरून ठरत नाही. उत्तरात ते गृहीतकच नाकारले आहे. तर्कदृष्ट्या ह्या संवादातून निघते ते इतकेच की एकाला दुसऱ्याने केले असे वाटले आणि दुसऱ्याने ते नाकारले. पण वाचकाचे मन तर्कशास्त्राने चालत नाही. अध्याहृत कर्ता दिसला की तो भरून काढण्याची भाषेची जी सवय, तीच येथे कामाला आली. काही परदेशी वृत्तपत्रांनी एका वैमानिकाकडे बोट दाखविले, आणि १७ जुलै २०२५ रोजी ब्यूरोला निवेदन काढून अशा निवडक व अप्रमाणित वृत्तांविषयी नापसंती व्यक्त करावी लागली. ती नापसंती रास्तच होती. मात्र ज्या रिकाम्या जागेत ती वृत्ते उगवली ती जागा अहवालानेच सोडली होती. एक तर संवाद संपूर्ण द्यावयास हवा होता, नाही तर अंतिम अहवालापर्यंत मुळीच नको होता.

मृतांवरील ठपक्याच्या बाबतीत शब्द किती मोलाचा असतो, याचे इलेक्ट्रॉनिक इंजिन-नियंत्रणाच्या इतिहासातच एक उदाहरण आहे. २ जून १९९४ रोजी ब्रिटिश हवाई दलाचे चिनूक हेलिकॉप्टर स्कॉटलंडमधील मल ऑफ किंटायर येथे आदळून २९ जण मृत्यू पावले. ह्या हेलिकॉप्टरच्या इंजिनांच्या नव्या संगणकीय नियंत्रणाविषयी त्या वेळच्या लष्करी परीक्षकांना गंभीर शंका होत्या. अपघात त्या नियंत्रणामुळे झाला असे सिद्ध झाले नाही. तरीही १९९५ साली दोन्ही मृत वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवण्यात आला. त्या वेळच्या नियमानुसार मृत वैमानिकास दोषी धरण्यासाठी 'कसलीही शंका' उरता कामा नये, अशी अट होती. सोळा वर्षे वाद चालला तो वस्तुतः ह्या 'कसलीही' ह्या शब्दाभोवती. २०११ साली लॉर्ड फिलिप यांच्या पुनर्विलोकनानंतर ठपका रद्द झाला आणि ब्रिटिश सरकारने कुटुंबीयांची क्षमा मागितली. ज्या नियमात तो एक शब्द नसता, त्या नियमाखाली त्या दोघांची नावे कायमची काळवंडली असती.

(७)

ह्या विवेचनावर दोन आक्षेप येण्याजोगे आहेत. पहिला असा की, प्रत्येक सूचना सक्तीची केली तर खऱ्या धोक्याच्या सूचनेचे महत्त्व उरणार नाही; देवळातली घंटा सतत वाजू लागली तर आरतीची वेळ कोणास कळणार नाही. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. सल्ल्याची एक पायरी असलीच पाहिजे. परंतु सल्ला आला म्हणजे तो न पाळण्याचा निर्णयही कोणी तरी, कारण लिहून, आपल्या सहीने घ्यावयास हवा. सध्या 'सक्तीचे नव्हते' हेच कारण पुरेसे ठरते. म्हणजे निर्णय कोणीही घेत नाही, तो व्याकरण घेते. सल्लावजा लेखास लेखी उत्तर देणे तेवढे बंधनकारक केले, तर सल्ल्याचे स्वरूप न बदलता त्याचे विस्मरण टळेल.

दुसरा आक्षेप असा की, विमान-सुरक्षेची भाषा इंग्रजीच असल्याने मराठीतील विध्यर्थाची चर्चा अनाठायी आहे. हे अर्धसत्य आहे. इंजिनाचा नियम इंग्रजीत असला तरी त्याची बातमी, त्यावरचा न्यायनिवाडा, मृतांच्या घरी होणारे त्याचे वाचन हे सारे मराठीतच होते. डोंबिवलीच्या घरात अहवाल पोहोचतो तो वर्तमानपत्राच्या मराठीतून. 'गेली' आणि 'बंद केली' यांतील भेद तेथे शाबूत राहतो की नाही, यावर एखाद्या कुटुंबाचे उरलेले आयुष्य कसे जाईल हे अवलंबून असते. शिवाय विमानाशिवायही बॉयलर, उद्वाहने, रेल्वेचे सिग्नल, रुग्णालयातील यंत्रे आपल्या भोवती आहेतच. त्यांच्या सूचना मराठीत लिहिल्या जातात आणि लिहिल्या गेल्या पाहिजेत.

म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. सुरक्षाविषयक मराठीत सक्तीसाठी '-लेच पाहिजे' आणि मनाईसाठी '-ता कामा नये' ही रूपे राखून ठेवावीत व ती अन्यत्र वापरू नयेत. शिफारशीसाठी '-णे इष्ट' असे स्पष्ट लिहावे. '-वे' हे गोड पण संदिग्ध रूप यंत्राच्या सूचनांतून वगळावे. अपघाताच्या वृत्तांतात कर्ता सिद्ध झालेला नसेल तेथे अकर्मक क्रियापदच वापरावे, आणि संवाद उद्धृत करावयाचा असेल तर तो शब्दशः व संपूर्ण द्यावा. विद्यापीठांच्या भाषाविभागांनी असे नियमलेखन अभ्यासक्रमात घ्यावे आणि तांत्रिक विभागांनी भाषाभ्यासकांस परीक्षक म्हणून बोलवावे, ही अपेक्षाही अवाजवी ठरू नये.

'अत्यंत विरळ' ह्या विशेषणाचे माप ठरविण्यासाठी अभियंत्यांनी जेवढे परिश्रम घेतले, त्याच्या दशांश परिश्रमही 'करावे' ह्या क्रियापदाचे माप ठरविण्यासाठी आपण घेतलेले नाहीत. विशेषणाने धोका मोजता येतो. तो टाळण्यासाठी कोणास तरी उठून काम करावे लागते, आणि त्यास उठविण्याचे सामर्थ्य वाक्यात क्रियापदाचेच असते.